एकटीने शिकवणारीला सोबत हवी



मागच्या अंकातल्या खर्चाच्या हिशेबात 'आरोग्य कार्यकर्त्यांचे मोबाइल रिचार्ज व मंगळवारची बैठक' अशी एक ओळ छापली होती. ती वाचून दोन मंडळ्यांतून विचारणा झाली. औषधांचा खर्च समजतो, जीपच्या डिझेलचा समजतो, कुपोषित मुलांच्या आहाराचाही समजतो. पण कार्यकर्त्यांनी फोनवर एकमेकींशी बोलावे यासाठी देणगीतले पैसे का खर्च व्हावेत? प्रश्न रास्त आहे आणि तो सरळ विचारला गेला याचा मला आनंद वाटला. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी मला माझी एक चूक सांगावी लागेल.

पाकीट आणि पेला

मी शिक्षणाने परिचारिका आहे. गेली अनेक वर्षे नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या पाड्यांवर आरोग्यशिक्षणाचे काम करते. उपचार करणे हे डॉक्टरांचे काम. आजार होऊच नये, आणि झालाच तर घरात पहिल्या काही तासांत काय करावे, हे शिकवणे आमचे काम.

माझ्या कामाचा तिसरा पावसाळा होता. नाल्याला गढूळ पाणी आले की आमच्याकडे जुलाबाची साथ ठरलेली. मी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पाकिटे आणि एक तक्ता घेऊन फिरत होते. तक्त्यावर चार चित्रे होती: पाकीट, भांडे, भांड्यात पाकीट ओतणारा हात आणि चमच्याने पिणारे मूल. एका पाड्यावर चौदा बायका जमल्या. पावरी बोलीत जेवढे येत होते तेवढे मी बोलले, उरलेले मराठीत. पाकीट पाण्यात टाकायचे, ढवळायचे, मुलाला थोडे थोडे पाजायचे. "समजलं का?" असे विचारले. सगळ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकीला दोन पाकिटे देऊन मी पुढच्या पाड्याकडे निघाले.

चार दिवसांनी त्यातल्याच एका आईने आपले वर्षाचे मूल झोळीत घालून दोन तास डोंगर उतरून रस्त्यापर्यंत आणले आणि तिथून जीपने दवाखान्यात नेले. जुलाब कमी झाले होते. पण मूल पाण्यासाठी सारखे रडत होते, अंग तापले होते आणि त्या दिवशी सकाळी त्याला झटके आले होते. डॉक्टरांनी विचारले, "पाकीट किती पाण्यात टाकलं होतं?" तिने हाताने माप दाखवले. घरातला स्टीलचा पेला.

ते पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. पेल्यात पाव लिटरही मावत नाही. म्हणजे जे पाणी मुलाच्या पोटात गेले ते निदान चौपट खारट होते. असे पाणी प्यायल्यावर रक्तातले मीठ वाढते, शरीराच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याचा मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात. जीव वाचवणारे औषध चुकीच्या मापाने दिले तर जिवावर उठते, ते असे.

डॉक्टरांनी दोन दिवस सावकाश उपचार केले आणि देवाच्या दयेने मूल वाचले. मी भेटायला गेले तेव्हा आई मला रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं."

तिचे खरे होते. तक्त्यावर भांड्याचे चित्र होते, पण ते किती मोठे हे चित्रावरून कळत नव्हते आणि मी ते तोंडाने सांगितले नव्हते. महिनाअखेरीच्या अहवालात मी लिहिले: 'जलसंजीवनी प्रात्यक्षिक १, उपस्थिती १४.' बाकीचे लिहायला अहवालात रकाना नव्हता. आणि खरे सांगायचे तर रकाना असता तरी मी लिहिले असते का, याची मला खात्री नाही.

सांगायचे कोणाला?

दवाखान्यातली परिचारिका चुकली तर शेजारी दुसरी परिचारिका असते, वर डॉक्टर असतात. पाड्यावर शिकवणारी मात्र एकटी असते. तिचे शिकवणे कोणी पाहत नाही. समोरच्या बायका आदरापोटी मान हलवतात. वर्षातून एकदा तालुक्याच्या गावी प्रशिक्षण होते, तिथे तज्ज्ञ बोलतात आणि ती वहीत उतरवून घेते. 'मी हे असे शिकवले आणि ते फसले' हे सांगण्याची ती जागा नसते. त्यामुळे एकीने केलेली चूक तीस मैलांवरची दुसरी नव्याने करते, आणि दोघींनाही वाटते की असे फक्त आपल्याच हातून झाले.

जलसंजीवनीचीच गोष्ट पाहा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला होता. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून ठेवून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले आणि हजारो जीव वाचले. उपाय सापडला होता. पण तो प्रत्येक आईच्या हातात पोचवणे हे वेगळेच काम होते.

ते काम बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत केले. तिच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या आणि एक कोटीहून अधिक घरांत आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप शिकवून आल्या. (आपल्याकडे आता पाकिटे मिळतात, तेव्हा ती वापरणेच बरे. चिमूट आणि मूठ प्रत्येकीची वेगळी असते.) आयांच्या लक्षात किती राहिले हे नंतर दुसरे लोक जाऊन तपासत आणि त्यावर कार्यकर्तीचा मेहनताना ठरे. तपासणीत दिसले की आयांना माप पाठ आहे, पण मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या जणी ते पाणी करून देतात. असे का, याचा शोध कार्यकर्त्यांपासूनच सुरू झाला. तेव्हा कळले की कित्येक कार्यकर्त्यांचा स्वतःचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. आपल्या घरी जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग पद्धत बदलली. कार्यकर्ती आधी स्वतः ते पाणी पिऊन दाखवू लागली, आणि तिने करून दाखवण्याऐवजी आईने आपल्या हाताने करायचे असे ठरले.

कार्यकर्त्यांना खरे बोलू दिले नसते तर ही अडचण कागदावर कधीच आली नसती.

जामखेडची सतरंजी

आपल्यापैकी पुष्कळांना जामखेड ठाऊक आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात काम सुरू केले. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या कामाचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. या स्त्रियांना एकदाच शिकवून गावी धाडले नव्हते. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत आणि गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. एकीला बाळंतपणात आलेली अडचण दुसरीने कशी सोडवली, हे सतरंजीवर बसून कळे. पुढे याच स्त्रिया देशोदेशींहून येणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना शिकवू लागल्या.

अशा गटाला अभ्यासकांनी नाव दिले ते बरेच नंतर. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर या दोघांनी १९९१ साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी मेक्सिकोतल्या माया सुईणी, लायबेरियातले शिंपी, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट अशा लोकांच्या शिकण्याचा विचार केला. ही माणसे वर्गात बसून शिकली नव्हती. त्याच कामातल्या माणसांबरोबर वावरत, आधी कडेला राहून, मग हळूहळू मधोमध येत ती शिकली. अशा गटाचे साधे वर्णन करायचे तर तीन गोष्टी लागतात: सर्वांना सारखाच भिडणारा विषय, एकमेकांवर विश्वास असलेली माणसे, आणि रोजच्या कामातून साठत जाणारी हातोटी. बचत गटात बायका पैसे ठेवतात आणि अडीनडीला काढतात. इथे अनुभव ठेवायचे आणि अडचणीच्या वेळी दुसरीचे काढायचे, एवढाच फरक.

जामखेडला हे जमले कारण बायका एसटीने किंवा चालत येऊन एका छपराखाली बसू शकत होत्या. ज्यांना एकत्र येताच येत नाही त्यांनी काय करायचे?

अंतर ओलांडणारे दुवे

आधी हे काम कागदाने केले. जागतिक चर्च परिषदेने १९६८ साली ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला. त्याचे 'कॉन्टॅक्ट' नावाचे छोटे नियतकालिक आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या मिशन दवाखान्यांत पोचत असे. जामखेडच्या कामाची माहिती इतर देशांत जायला त्याची मदत झाली. आपल्या हातातल्या या त्रैमासिकाचे ते थोरले भावंडच म्हणा ना.

नंतर इंटरनेट आले. २००६ साली 'हिफा' हा जाळ्यासारखा गट सुरू झाला. 'सर्वांसाठी आरोग्यसेवेची माहिती' हे त्याच्या नावाचे सार. औषध आणि ज्ञान दोन्ही जवळ असूनही योग्य माहिती वेळेवर न मिळाल्याने माणसे मरतात, ही त्यामागची खंत. आज त्यात वीस हजारांहून अधिक माणसे आहेत. प्रकाशक, ग्रंथपाल, डॉक्टर, परिचारिका, गावपातळीवरचे कार्यकर्ते असे सगळे ईमेलने एकमेकांशी बोलतात. मात्र ही चर्चा मुख्यतः इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांत चालते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, पण त्याचा धागा पुण्याशी जुळतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. संजीव अरोरा न्यू मेक्सिको राज्यात यकृताचे तज्ज्ञ होते. हेपटायटिस सी झालेल्या रुग्णांना त्यांच्याकडे येण्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागे आणि लांबचा प्रवास करावा लागे. २००३ साली त्यांनी 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. खेड्यापाड्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर-परिचारिका ठरलेल्या दिवशी पडद्यावर एकत्र येत, एकेक जण आपला रुग्ण मांडी आणि सगळे मिळून त्यावर बोलत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की गावातल्या दवाखान्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच होते. रुग्ण हलला नाही, ज्ञान हलले. भारतातही आता या पद्धतीने अनेक प्रशिक्षणे चालतात.

आमचा मंगळवार

आमचा गट यांच्या मानाने अगदीच लहान. २०२० सालच्या टाळेबंदीत बैठका बंद पडल्या, तेव्हा आम्ही अकरा जणींनी फोनवर बोलायला सुरुवात केली. आता नंदुरबारबरोबर गुजरातमधल्या डांगच्या, मध्य प्रदेशातल्या बडवानीच्या आणि ओडिशातल्या काही कार्यकर्त्या आहेत. आमच्या एक ज्येष्ठ निवृत्त परिचारिका इंग्रजीतली आंतरराष्ट्रीय चर्चा वाचतात. आमचे प्रश्न त्या तिकडे मांडतात आणि उत्तरे आमच्या भाषेत आणून देतात.

पद्धत सोपी आहे. दर मंगळवारी संध्याकाळी एक तास, एकीची एक खरी अडचण. जिच्या पाड्यावर रेंज नाही ती दिवसा टेकडीवर गेली की आवाजाचा निरोप पाठवते आणि तो बैठकीत ऐकवला जातो. लिहिण्याची सक्ती नाही. मराठी, हिंदी, पावरी, जे येईल त्यात बोलायचे.

पहिले काही मंगळवार सगळ्या जणी आपले यशच सांगत होत्या. किती बायका जमल्या, किती छान झाले. ऐकताना मला माझाच जुना अहवाल ऐकू येत होता. तेव्हा पाचव्या मंगळवारी मी पेल्याची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

सांगून झाल्यावर कोणीच बोलेना. मला वाटले, लाइन तुटली. मग डांगची कार्यकर्ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे बाया अर्धं पाकीट उद्यासाठी ठेवतात. मला वाटायचं माझंच चुकतं." तिच्यामागोमाग ओडिशाची बोलली. तिच्या गावात वाटीत चिमूट चिमूट टाकतात, म्हणजे औषध पुरत नाही. आठवड्याने आमच्या निवृत्त परिचारिकेने आफ्रिकेतल्या मलावीहून आलेले उत्तर आणले: तिथे दुकानात मिळणारी एक लिटरची बाटली धुऊन माप म्हणून वापरतात, कारण ती गावोगाव असते. नेपाळच्या डोंगरात काम करणाऱ्या एका भगिनीने कळवले की ती शिकवायला स्वतःचे भांडे नेतच नाही. आईला म्हणते, तुमच्या घरातले भांडे आणा. त्यात लिटर ओतून दाखवते आणि भांड्याला बाहेरून खूण करते.

त्या महिन्यात आमची शिकवण्याची रीत बदलली. तक्ता मागे राहिला. आता घरातलेच भांडे, बाटलीने मोजलेले पाणी, आणि लिटर कुठपर्यंत येते तिथे खूण. पूर्ण पाकीट एकदम टाकायचे. चाखून पाहायचे, अश्रूंपेक्षा खारट लागले तर काहीतरी चुकले. केलेले पाणी चोवीस तासांनी फेकून नवे करायचे. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'समजलं का?' हा प्रश्न आम्ही सोडून दिला. त्याऐवजी म्हणतो, "आता तुम्ही करून दाखवा," आणि गप्प बसतो. गप्प बसणेच सर्वांत अवघड जाते. पण आईचा हात कुठे अडतो हे तेव्हाच दिसते.

यातले बरेचसे पुस्तकात होते, हे मी कबूल करते. पाकिटावर 'एक लिटर' छापलेले होते. पण छापलेले आणि आईच्या हातून होणारे यांच्यामध्ये जी दरी असते, ती त्याच दरीत पडलेल्या दुसरीनेच मला दाखवली.

बिघडते तेही सांगते

फोनवर गट केला की झाले, असे कृपा करून समजू नका. असे गट बंद पडतात ते पैशांअभावी कमी आणि दुर्लक्षाने जास्त. आमच्याकडूनही चुका झाल्या.

एका मंगळवारी एका तरुण कार्यकर्तीने सांगितले की जुलाब लागलेल्या बाळाला दूध बंद करायला तिने सांगितले होते. एका वडीलधाऱ्या व्यक्तीने तिला सगळ्यांदेखत झापले. सल्ला बरोबरच होता, दूध बंद करायला नको होते. पण ती मुलगी पुढे तीन महिने एक शब्द बोलली नाही. त्या तीन महिन्यांत तिने पाड्यावर काय शिकवले हे आम्हाला कळले नाही, आणि तो धोका झापण्यातून निर्माण झाला होता. तेव्हापासून नियम केला: कोणी चूक सांगितली तर पहिले उत्तर तिचे, जिच्या हातून तसेच काही झाले आहे. दुरुस्ती त्यानंतर. ती मुलगी परत बोलू लागली, आज ती बैठक चालवायला मदत करते.

दुसरा धोका चुकीच्या माहितीचा. सर्पदंशावर जखम कापून रक्त काढण्याचा 'उपाय' कोणीतरी पुढे धाडला आणि अर्ध्या तासात तो चार पाड्यांवर पोचला. कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करायचे नसते. माणसाला धीर द्यायचा, दंश झालेला हात किंवा पाय लाकडाच्या आधाराने हलणार नाही असा ठेवायचा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचे. आता डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कोणताही उपाय गटातून बाहेर जात नाही.

तिसरा धोका खासगीपणाचा. आमच्या कार्यकर्त्या कळवळ्याने मुलांचे फोटो पाठवत. पण कुपोषित मुलाची उघडी छाती परक्यांना दाखवायला त्या आईने कधी परवानगी दिली होती? आता नाव नाही, पाड्याचे नाव नाही, चेहरा नाही.

आणि एक अडचण अजून सुटलेली नाही. कित्येक घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. ऊसतोडीला नवरा गुजरातला गेला की फोनही जातो. अशा दोघींना आम्ही बाजाराच्या दिवशी भेटून बैठकीतले सांगतो. ते पुरेसे नाही.

तर मग तो खर्च कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येते. रिचार्जचे पैसे हा त्या ओळीतला छोटा भाग आहे. मोठा भाग बैठक सांभाळणाऱ्या बहिणीच्या वेळाचा. सोमवारी ती प्रश्न ठरवते, लाजणारीला फोन करून धीर देते, डॉक्टरांकडून उत्तर तपासून घेते, बुधवारी सगळे एका आवाजी निरोपात गोळा करते आणि गप्प झालेलीला 'बरी आहेस ना?' म्हणून विचारते. हे काम कोणाला दिसत नाही. त्यावर नाव कोरलेली पाटी लावता येत नाही. पण ते थांबले तर महिन्याभरात गटात फक्त शुभ सकाळचे संदेश उरतील.

या पावसाळ्यानंतर आमच्यासमोर एक अवघड प्रश्न आहे. सिकलसेल आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि आदिवासी भागांत तरुणांची तपासणी होऊ लागली. आमच्या जिल्ह्यात हा आजार पुष्कळ आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. हे सांगायलाच हवे. पण तपासणीत एखादी सतरा वर्षांची मुलगी वाहक निघाली, तर तिला ते कोणत्या शब्दांत सांगायचे, म्हणजे तिला तो कलंक वाटणार नाही आणि तिचे लग्न मोडणार नाही? वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे पावरीत कसे म्हणायचे? याचे तयार उत्तर माझ्या पुस्तकांत नाही. ओडिशाच्या बहिणींकडे याचा अनुभव आहे. येत्या मंगळवारी त्या बोलणार आहेत.

आपल्यापैकी कोणी निवृत्त परिचारिका किंवा शिक्षक असाल, पावरी, भिल्ली किंवा मावची बोली जाणत असाल, तर आम्हाला पैशांपेक्षाही तुमचा मंगळवारचा एक तास हवा आहे. या कामासाठी प्रार्थना करताना त्या मुलीची आठवण ठेवा, आणि तिच्यासमोर बसून शब्द शोधणाऱ्या आमच्या कार्यकर्तीचीही.

ज्या आईने मला पेला दाखवला होता, तिच्या पाड्यावर मी अजून जाते. तिचा मुलगा आता आश्रमशाळा संपवून आला आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या सुनेला मी जलसंजीवनी करून दाखवायला सांगितले. सून पाणी मोजत असताना सासू माझ्याआधीच म्हणाली, "पेल्यात नको हां."

आपली, प्रभूच्या सेवेतील एक आरोग्यशिक्षिका